असईची लढाई लांबणीवर

दौलतराव शिंद्यांची फौज सध्या बटणांसाठी खोळंबली आहे. तोफा तयार आहेत, घोड्यांच्या शेपट्या वाळल्या आहेत, नदीलासुद्धा पाणी आलं आहे. पण पलटणीतल्या शिपायांच्या कोटांना बटणं लागायची राहिलीत, आणि एकेक बटण खसखशीच्या दाण्याएवढं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "बारीक काम करता का?" म्हटलं, "हो. शिंद्यांकडे असतो." त्यांनी नवीन नंबर लिहून दिला आणि सोबत कुणाला आणलंय का, याची चौकशी केली.

मी हिंगोलीत गणित शिकवतो. उरलेल्या वेळात, म्हणजे घरच्यांच्या मते सगळ्याच वेळात, धातूचे शिपाई रंगवतो. हे शिपाई २८ मिलिमीटरचे. या छंदातली माणसं ही उंची तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. डोळ्यांच्या वरचा भाग हिशेबात धरत नाहीत. लढाईच्या कामात त्या भागाची गरज पडत नसावी.

रंगवून झालेले शिपाई टेबलावर मांडायचे, मोजपट्टीनं इंच मोजून पुढं सरकवायचे, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं आणि इतिहासातली एखादी लढाई पुन्हा लढायची, असा हा खेळ. पोरखेळ म्हणाल तर प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या बापलेकांनी असाच खेळ काढला होता. मुलानं १८२४ साली तो जनरल स्टाफच्या प्रमुखासमोर मांडला, आणि प्रमुख इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. पुढं एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर आख्खं पुस्तक लिहिलं. हे सगळं मी बायकोला एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "त्या वेल्सची बायको काय म्हणायची, ते लिहिलंय का त्यात?"

लढाई कोणती घ्यायची, हा प्रश्न नव्हता. पानिपत लांब पडतं आणि जीवाला लागतं. असई आपल्या मराठवाड्यातली, जालना जिल्ह्यातली. तारीख २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. हाच वेलस्ली पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. पण तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं विचारलं की म्हातारपणीही तो असईचंच नाव घ्यायचा म्हणतात. इंग्लंडात आजही कितीतरी पेन्शनर मंडळी आपापल्या घरात बसून असईचे शिपाई रंगवतात. असई त्यांच्यापासून समुद्रापार आहे. मी सकाळच्या एसटीनं निघालो तर दुपारपर्यंत असईत असतो. मग आपण मागं का राहायचं?

याचं उत्तर हिशेब मांडल्यावर मिळालं. एक शिपाई म्हणजे वीस माणसं, असं प्रमाण धरतात. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन, आणि त्याच्या हाताखाली साधारण १०,८०० लोक. भागिले वीस, म्हणजे ५४०. इथवर ठीक. पण मराठ्यांचं घोडदळ तीस हजारांच्या पुढं होतं. भागिले वीस म्हणजे दीड हजार घोडे. दीड हजार घोड्यांचे सहा हजार पाय. घोड्याला चार पाय असतात हे मी लहानपणापासून बघत आलोय, पण ते इतके असतात हे पहिल्यांदाच जाणवलं. सुदैवानं त्या दिवशी या घोडदळानं लढाईत फारसा भाग घेतला नाही. इतिहासकारांचा त्याच्यावर राग आहे. मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. कोपऱ्यात थोडेसे घोडे उभे केले आणि बाकीचे निघून गेले असं धरलं.

या कामाला ब्रश लागतो तीन शून्यांचा. हिंगोलीत स्टेशनरीच्या दुकानात जाऊन म्हटलं, "शून्य-शून्य-शून्य नंबरचा ब्रश आहे का?"

"शून्य म्हणजे नाहीच की हो, सर."

"नाही तसं नाही. जितकी शून्यं जास्त तितका ब्रश बारीक."

"आणि किंमत?"

"ती वाढते."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. त्याची मुलगी माझ्याच वर्गात गणित शिकते.

शिपायाला रंग देण्याआधी अस्तर द्यावं लागतं. त्याचा राखाडी फवारा असतो, आणि तो मोकळ्या हवेत मारावा असं डब्यावर लिहिलेलं असतं. डबा लिहिणाऱ्यानं हिंगोलीची गच्ची पाहिलेली नसणार. एप्रिलमधली सकाळ, मी विटेवर ओळीनं इंग्रजांची मद्रासी पलटण मांडलेली, शेजारच्या काकूंनी कठड्याच्या पलीकडं कुरडया घातलेल्या. फवारा दाबला आणि वारा फिरला. असईलाही इंग्रजांची एक तुकडी ऐनवेळी अशीच भलत्या दिशेला गेली होती आणि तिचं फार नुकसान झालं होतं. माझ्या बाबतीत नुकसान कुरडयांचं झालं. काकू काही बोलल्या नाहीत. पुढं पाहुणे आले तेव्हा राखाडी कुरडई तळून ताटात वाढली आणि "नाचणीची आहे" म्हणून सांगितली. ती ज्यांनी खाल्ली ते ठणठणीत आहेत. मी मुद्दाम चौकशी ठेवली आहे.

मग पावसाळ्याची वाट पाहिली. पावसाळ्यात हवेत ओल असली की तोच फवारा शिपायाच्या अंगावर रव्यासारखा दाणेदार बसतो. उन्हाळ्यात उलटं. रंग बाटलीतून ब्रशवर येईपर्यंत ठीक असतो, ब्रशवरून शिपायापर्यंत जाईतो वाळतो. म्हणून जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी सोय करावी लागते. एकदा डबे बदलले. शाळेत मधल्या सुट्टीत मी झाकण उघडलं तर आत किरमिजी, गेरू आणि मळकट पांढरा. शेजारचे सर म्हणाले, "वहिनींनी आज नवीन काहीतरी केलेलं दिसतंय." तोवर त्यांनी पोळीचा तुकडा तोडून हातात धरलेला होता. मोठ्या मुश्किलीनं अडवलं.

रंगाची खरी गोम पुढं आहे. इंग्रज कंपनीच्या मद्रासी शिपायांचे कोट लाल. शिंद्यांच्या पलटणींना द बॉयन या सॅव्हॉयच्या सरदारानं युरोपी कवायत शिकवलेली, त्यामुळं त्यांचेही कोट इंग्रजी धाटणीचे, लाल. मी दिव्याखाली डोळे फोडून दोन्हींत दोन छटांचा फरक ठेवला. मुलीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, दोन्ही लालच आहेत. मग कुणी कुणाला मारायचं?"

म्हटलं, "पागोटी बघ."

तिनं बघितली. "सगळ्यांचे डोळे असे का?"

डोळे हा दुखरा विषय आहे. बाहुलीचा ठिपका केसभर सरकला की शिपाई तिरळा होतो, मोठा पडला की दचकतो. माझी पहिली पलटण एकूण एक दचकलेली आहे. लढाई अजून सुरूही झालेली नाही. पण समोर वेलस्ली आहे हे त्यांना आधीच कळलेलं असावं, अशी मी समजूत घातली आहे.

तोफांचे बैल आले आणि माझ्या छंदाला समाजमान्यता मिळाली. त्या काळी दोन्हीकडच्या तोफा ओढायला बैलच. म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांवर तर वेलस्लीचा फार जीव. परदेशातून मागवलेले माझे धातूचे बैल मी ओट्यावर ओळीनं मांडले होते. समोरचे मामा, ज्यांची कळमनुरीकडं शेती आहे, जाता जाता थांबले.

"काय करायलेत हो सर?"

"बैल आहेत, तोफेचे."

मामांनी एक बैल चिमटीत धरला, उलटा केला, सुलटा केला. "सर, ह्याला वशिंड कुठंय?"

खरंच नव्हतं. साचा बनवणाऱ्यानं आपल्या गावचा बैल पाहून तो केलेला.

"मग जू काय शिंगावर ठेवायलात का? ही जर्शी हाय जर्शी! असला बैल बाजारात फुकट दिला तर माणसं परत आणून बांधतील. तुमचे शिंदे हरले ते उगाच का?"

त्या दिवशी मामा शेतावर गेले नाहीत. मी एम-सील मळायचं, मामांनी "अजून थोडं", "आता लई झालं", "जरा मागं झुकू द्या" असं सांगायचं. बैलांना वशिंडं फुटली. गळ्याखाली पोळी लोंबू लागली. रंगाच्या वेळी मी पुस्तक उघडलं, ते मामांनी बंद केलं. "ही पुढची जोडी लाल कंधारी करा. मागची देवणी. देवणीचे ठिपके मी सांगतो तिथं." अमृतमहाल राखाडी असतात हे मी हळूच सुचवून पाहिलं. "ते इंग्रजाचे. शिंदे इकडचेच बैल घेणार ना, का म्हैसूरहून आणणार?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि पुस्तकातही नव्हतं. आता मामा रोज संध्याकाळी चक्कर मारून बैल बघून जातात. शिंद्यांकडं त्यांनी अजून ढुंकूनही पाहिलेलं नाही.

त्यांनाच मी वेलस्लीची गोष्ट सांगितली. केळणा नदी पार करायची होती. वाटाडे म्हणत होते उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं, तर अलीकडच्या काठावर एक गाव आणि बरोबर समोर पलीकडं दुसरं. त्यानं ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मधे उतार असणारच. त्या तर्कावर फौज पलीकडं नेली आणि लढाई मारली. इंग्रज लेखक या बुद्धीचं अजून कौतुक करतात. मामा म्हणाले, "त्यात काय? उतार नसल्यावर सोयरिकी कशा होतील?"

पोळ्याला मात्र अब्रू गेली. बायकोनं कुंभाराकडून मातीचे बैल आणले आणि म्हणाली, "अहो, एवढं इंग्रजांचं रंगवता, तर हे पूजेचे बैल रंगवा." मी गांभीर्यानं घेतलं. अस्तर दिलं, वाळू दिलं. सांध्यांमध्ये छाया यावी म्हणून काळसर पाणी सोडलं. कोरड्या ब्रशनं उठाव आणला. शेवटी खुरांना आणि पोटाला हुबेहूब चिखल लावला. हे या कलेतलं सगळ्यात वरच्या दर्जाचं काम समजलं जातं. सासूबाई बघायला आल्या.

"पोळ्याच्या दिवशी बैलाला चिखल? कालच खांदेमळणी झाली ना? धुवायचं सोडून चिखल लावायलेत!"

तोवर सूर्य मावळायला आला होता आणि माझा एका बैलाचा एक डोळा पुरा झाला होता. बायकोनं उरलेले बैल पुढं ओढले, वाटीत गेरू कालवला आणि बोटानं रंगवून मोकळी झाली. पुरणपोळी खायला आलेल्या झाडून सगळ्यांनी कौतुक केलं ते तिच्या बैलांचं. माझा बैल पाहून एकानं फक्त विचारलं, "हा आजारी आहे का?"

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडं उभ्या महालक्ष्म्यांपुढं आरास मोठी असते. घरात जे चांगलं दिसेल ते पुढं मांडलं जातं. मी शाळेतून आलो तर माझं सैन्य तिथं दाखल झालेलं. वेलस्लीकडं स्कॉटलंडच्या दोन हायलँडर पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. यातली ७८वी असईला घागऱ्यासारख्या किल्टवर लढली की विजारीवर, यावरून या छंदातली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. मी किल्टच्या बाजूचा. ती पलटण बायकोनं थेट फराळाच्या ताटाजवळ उभी केली होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आल्या. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो.

"अगं बाई, ह्या कोण?"

"ह्या त्यांच्या हायलँडर."

"घागरे किती छान गं! दाढी नाही, मिशी नाही, अगदी गोड आहेत."

सकाळी बघतो तर ७८व्या पलटणीला ओळीनं हळदीकुंकू लावलेलं. २८ मिलिमीटरच्या माणसाला माणशी एक चिमूट. काही जवान छातीपर्यंत हळदीत गेले होते. इंग्रजांच्या छातीवर तिरपे पांढरे पट्टे असतात. ते पट्टे करायला पांढऱ्याचे तीन हात लागतात. बरं, हळद साधीसुधी नाही, वसमतची. भौगोलिक मानांकन मिळालेली. ती कशानंही निघत नाही हे मी साबण, स्पिरिट आणि लिंबू यांच्या साक्षीनं सांगतो. जगातल्या कुठल्याही संग्रहात नसेल असं पिवळ्या पट्ट्यांचं हायलँडर पथक आज हिंगोलीत आहे.

दसऱ्याचा उत्सव हिंगोलीत दीडशे वर्षांहून जुना आहे. त्या दिवसांत रामलीला मैदानावर जत्रा भरते, घरी पाहुण्यांचा राबता असतो आणि रंगकाम होत नाही. त्याच गर्दीत गावातले एक जुने गृहस्थ घरी आले, शिपाई पाहिले आणि म्हणाले, "आपल्या हिंगोलीत हैदराबाद कॉन्टिंजंटची छावणी होती, माहीत आहे ना? ते खरे शिपाई. त्यांना निजामाच्या तिजोरीतून पगार मिळायचा. तुमच्या या फौजेचा खर्च कोण करतं?" बायको चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "सातवा वेतन आयोग."

दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी किल्ला केला. माती, विटा, पोती, वर अळिवाचं गवत. पोरं दारात आली.

"सर, तुमचे शिपाई द्या ना किल्ल्यावर."

"देतो. पण हात लावायचा नाही. जागेवरून हलवायचे नाहीत. उन्हात ठेवायचे नाहीत. रात्री आत आणायचे."

"मग खेळायचं कसं?"

"बघायचं."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातला मोठा समजूतदारपणे म्हणाला, "राहू द्या सर, तुम्हीच ठेवा." मग ते बाजारातून मातीचे मावळे घेऊन आले. सगळे एकाच साच्यातले, सगळ्यांचे गाल गुलाबी, एकाची तलवार आणतानाच मोडलेली. पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच. बुरुजावर प्लास्टिकचा वाघ, आणि तो बुरुजापेक्षा मोठा. त्या फौजेनं जेवणाच्या सुट्टीआधी तीन लढाया जिंकल्या आणि संध्याकाळी गड दारूगोळ्यानं उडवून दिला. माझे ५४० शिपाई कपाटाच्या काचेतून, नेहमीसारखे दचकून, बघत होते.

मग मीही ठरवलं, बटणं गेली चुलीत, लढाई करून टाकायची. स्टाफरूममध्ये विषय काढला. सगळे एकदम तयार झाले.

"मी शिंदे," विज्ञानाचे सर म्हणाले.

"मी भोसले. आमचं आडनावच तसं आहे," चित्रकलेचे सर म्हणाले.

"मी पण शिंद्यांकडं," मराठीच्या मॅडम म्हणाल्या. "बेगम समरूची फौज होती ना शिंद्यांकडं? ती मला द्या." हे खरं होतं, होती. मॅडमची तयारी पाहून मी चकित झालो.

"आणि इंग्रज?"

कुणीही बोललं नाही. खडूंचा डबा वाजला तेवढाच.

क्रीडाशिक्षक मनानं उदार. ते म्हणाले, "मी होतो इंग्रज. पण हरायचं असेल तर."

म्हटलं, "आधी ठरवून कसं चालेल? फासे आहेत. वेलस्लीनं त्या दिवशी शिंद्यांच्या ९८ तोफा घेतल्या."

"म्हणजे मी जिंकूही शकतो?"

"शकता."

"मग नको. उद्या मैदानावर पोरांपुढं उभं राहायचंय मला."

विज्ञानाच्या सरांनी तोडगा काढला, "दोन्ही बाजूंना मराठेच ठेवले तर?"

मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "ते खूप झालंय सर, इतिहासात."

शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. मी साफ नकार दिला. रात्र रात्र जागून मी शिंद्यांची फौज रंगवली ती वेलस्ली व्हायला नाही.

तेव्हा लढाई तूर्त तहकूब आहे. हिंगोली, परभणी, नांदेड, वाशीम या बाजूला कुणी सज्जन इंग्रज व्हायला तयार असतील तर त्यांनी कृपया कळवावं. निवृत्त असल्यास उत्तम. शिपाई, फासे, चहा आणि नाश्ता आमच्याकडून. जिंकलात तरी जेवू घालू, एवढा शब्द देतो. पिवळ्या पट्ट्यांच्या पलटणीबद्दल प्रश्न विचारू नयेत. येताना स्वतःचा चष्मा आणावा. आणि बैलांना हात लावण्याआधी समोरच्या मामांना विचारावं, ते घरीच असतात.